मूळपुरुषाची बैठक

“माणसाने आजवर जे जे उभारलं, त्यातलं टिकण्याजोगं काम एकच, आणि तुम्ही आत्ता त्याच्या दारात उभ्या आहात,” असं म्हणून चक्कीवाल्यांनी दार ढकललं. दाराची कडी त्यांच्या हातात आली.

त्यांनी ती सराईतपणे खिशात टाकली. खिशात फाटकाची कडी आधीच होती. दोघी एकमेकींवर खणखणल्या. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. चक्कीवाल्यांनी मान लांब करून वाचायचा प्रयत्न केला, पण मॅडमचं अक्षर डॉक्टरच्या वळणाचं होतं.

मॅडम जुन्या वास्तूंची नोंद करणाऱ्या खात्यातून आल्या होत्या. अंगात पुष्कळ खिशांचं जाकीट, कानामागे पेन्सिल आणि चेहरा असा, की कौतुक करताहेत की चूक काढताहेत याचा पत्ता लागू नये. त्यांच्या येण्याचं कारण पाणचक्की नव्हती, पाट होता. नगरपालिकेला गाड्या उभ्या करायला जागा हवी होती आणि नदीवरून चक्कीला पाणी आणणारा पाट बुजवला तर ती ऐसपैस मिळणार होती. त्यावर खात्याने कळवलं होतं, की चक्की खरोखर पाण्यावर चालत असेल तर पाटाला हात लावता येणार नाही. नुसतीच जुनी इमारत असेल, तर इमारत ठेवा आणि पाट बुजवा. म्हणजे सगळं अडलं होतं ते मॅडमच्या एका वाक्यावर. चक्की पाण्यावर चालते, की नाही.

चक्कीवाल्यांना हा प्रश्नच पोरकट वाटत होता. माशाला कोणी विचारतं का, की बाबा तू पोहतोस की कसं? त्यांचे वडील आप्पा, आप्पांचे वडील आणि त्यांच्या मागचे सगळे या चक्कीवर पांढरे होऊन गेले होते. चक्कीवाल्यांनी स्वतः आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. घराण्यात एकच डाग होता आणि तो पाटापलीकडच्या गल्लीत बसला होता. त्यांच्या थोरल्या भावाने तरुणपणी तिकडे विजेवरची पिठाची गिरणी टाकली होती. आप्पांनी त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढलं. वीज हा पाण्याचा अपमान आहे, असं ते उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले होते. तेव्हापासून पाटावरचा पूल चक्कीवाल्यांनी ओलांडला नव्हता. थोरल्याच्या गिरणीचा आवाज आला की ते खिडकी लावून घेत आणि पाण्याचा आवाज ऐकत बसत.

आत गेल्यावर त्यांनी मॅडमना इमारत दाखवायला घेतली. हे काम ते पर्यटकांसाठी नेहमी करत आणि दर वर्षी इमारतीचं वय थोडं वाढवत. भिंती दगडी आणि इतक्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात माणूस पाय दुमडून बसू शकेल. धान्य दोराने वर माळ्यावर चढवायचं, तिथून ते लाकडी नसराळ्यातून मधल्या मजल्यावरच्या दगडी तळ्यांमध्ये, म्हणजे जात्यासारख्या एकावर एक बसवलेल्या गोल दगडांमध्ये पडायचं आणि पीठ होऊन खाली पेटीत उतरायचं. म्हणजे दाण्याला एकदा वर नेलं, की पुढचं तो आपला आपण घसरत करतो. नसराळ्यातले दाणे संपत आले की त्यांच्या भाराने दबलेला पट्टा सैल पडून एक घंटा वाजायची, कारण दाण्यांशिवाय तळ्या एकमेकींवर घासल्या तर ठिणग्या उडतात आणि पिठाच्या धुळीला ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको.

मॅडमना सर्वांत आवडली ती लाकडी चौकट. तळ्यांचं सगळं ओझं जाड तुळयांच्या चौकटीवर होतं आणि ती चौकट चारी भिंतींपासून बोटभर अंतर राखून उभी होती. त्यांनी त्या फटीत पट्टी सरकवून पाहिली. ती पार पलीकडे गेली. बांधणाऱ्याला अक्कल होती, त्या म्हणाल्या. तळ्यांची थरथर भिंतीपर्यंत पोचूच नये म्हणून त्याने घरात दुसरं घर बांधलंय.

“आमच्याकडे सगळे असेच राहतात,” दाराशी उभी असलेली चक्कीवाल्यांची बायको म्हणाली. “एका छपराखाली, पण बोटभर अंतर ठेवून.”

चक्कीवाल्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मॅडमना खांबाला कान लावायला सांगितलं. हा त्यांचा हुकमी कार्यक्रम होता. चक्की चालू असताना खांबातून एक मंद, सलग घुमणारा सूर ऐकू यायचा. हा पाण्याचा श्वास, असं ते पर्यटकांना सांगत आणि आवाज खाली आणत. काहींचे डोळे भरून येत. एकदा एका अभ्यासकाने तो सूर ध्वनिमुद्रित करून नेला होता आणि कुठल्याशा परिषदेत ऐकवला होता. श्रोते उठून उभे राहिले, असं त्याने नंतर कळवलं.

मॅडमनी कान लावला. बराच वेळ लावला. मग त्या म्हणाल्या, “पाणी एवढ्या एका लयीत श्वास घेतं?”

“घराण्याचं वळण,” चक्कीवाले म्हणाले.

जिन्याखाली दगडी चौथरा होता, वर जाड लाकडी झाकण. ही मूळपुरुषाची बैठक. चक्की उभारणारा पूर्वज इथे बसून तळ्यांचा आवाज ऐकायचा, अशी हकिगत आप्पांनी सांगितली होती आणि त्यावर कोणी बसायचं नाही, ती कोणी उघडायची नाही, असा दंडक घालून दिला होता. तो दंडक सगळे पाळत, फक्त चक्कीतलं मांजर सोडून. ते बारा महिने त्या झाकणावर पसरलेलं असे. आत्ताही होतं. थंडीत तर ते तिथून हलत नसे. झाकण कायम कोमट असायचं आणि चक्कीवाले सांगायचे, की दगडात पूर्वजांची ऊब राहते.

मॅडमनी मग विचारलं की गावात वीज जाते तेव्हा चक्की चालू राहते का. साधा प्रश्न होता, पण चक्कीवाले खुलले. या प्रश्नावर त्यांचा स्वतःचा शोध होता. नाही राहत, ते म्हणाले. गावातले दिवे गेले की त्याच क्षणाला चक्कीही थांबते. लोक चकित होतात, पण कारण सोपं आहे. गावाला वीज येते ती वरच्या धरणातून. धरणात पाणी आहे याच नदीचं. पाणी दमलं की त्याची वीज दमते आणि चाकही दमतं. दोघांची आई एकच. ते बोलून थांबले आणि टाळीची वाट पाहिली. पर्यटक बहुधा इथे टाळ्या वाजवत. मॅडमनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत कानामागे ठेवली.

मग त्या वाकून दातेरी चाकांकडे बघत बसल्या. पाण्याचं चाक आडवी आस फिरवतं, तिच्यावरचं मोठं दातेरी चाक उभ्या आसेला फिरवतं आणि उभी आस वरच्या तळीला. दाते लाकडी होते, कठीण, चिवट लाकडाचे. चक्कीवाल्यांनी चक्की जरा थांबवली आणि मॅडमनी एकेका दात्यावरून बोट फिरवलं.

“हे उलट्या बाजूने झिजलेत,” त्या म्हणाल्या.

चक्कीवाले हसले. तेही घराण्याचं वळण असणार, असं त्यांनी सुचवलं. मॅडम हसल्या नाहीत. ढकलणाऱ्याच्या ज्या अंगाला झीज व्हायला हवी ते अंग कोरं होतं आणि पाठीकडचं अंग खाल्लेलं होतं. जणू बैल गाडीच्या मागे चालत होता आणि गाडी त्याला ओढत होती. हे मात्र त्या बोलल्या नाहीत. त्या इतकंच म्हणाल्या, की पाटाचं दार बघू या.

पाटाचं दार बाहेर होतं. जाड फळ्यांचं, दोरावर वरखाली होणारं. दार वर घेतलं की पाणी चाकाच्या खणांवर कोसळे, खाली सोडलं की बंद. चालवण्याचा क्रम आप्पांनी घोटवून घेतला होता. आधी दार उघडून पाणी सोडायचं, मग आत येऊन भिंतीवरचा लाकडी दांडा खाली ओढायचा. त्या दांड्याला ते लगाम म्हणत. लगाम ओढला की चाकावरची अडकण सुटते आणि चाक चालू लागतं. बंद करताना उलट. आधी लगाम वर, मगच पाणी बंद. पाणी चालू आणि तळी थांबलेली, हे एक वेळ चालेल, पण तळी चालू आणि पाणी बंद, हे आपल्या घरात कधीही होता कामा नये, असं आप्पा सांगायचे. दुसरी कुठलीही चूक त्यांनी माफ केली असती. चक्कीवाल्यांनी हा नियम उभ्या जन्मात एकदाही मोडला नव्हता. त्यामागे पाण्याचा मान आहे, असं ते समजत.

चक्की परत चालू केली होती. चाक फिरत होतं, पाण्याचे तुषार उन्हात चमकत होते, आतून तळ्यांची घरघर येत होती. मॅडमनी विचारलं, हा दोर कितपत भरवशाचा आहे.

“हा?” चक्कीवाल्यांनी चौकटीवर थाप मारली. “हा दगा द्यायचा नाही.”

दोर तुटला. दार धाडकन खाली बसलं. पाणी थांबलं.

चाक थांबलं नाही.

चक्कीवाल्यांना वाटलं, आता थांबेल. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण सगळे चाकाकडेच बघत राहिले. चाकाच्या खणांतलं उरलंसुरलं पाणी निथळलं. मग थेंब पडू लागले. मग थेंबही थांबले. चाक त्याच चालीने फिरत होतं. आत घरघर चालू होती आणि नसराळ्यातून दाणे पडत होते, कुठेही खंड नाही.

“वेग आहे,” चक्कीवाले म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. “पिढ्यान्‌पिढ्यांचा वेग आहे. एकदम कसा थांबेल?”

मॅडम पाटाच्या काठावर बसल्या. बायकोने चहा आणला. मॅडमनी तो फुंकून फुंकून सावकाश प्यायला. चाकाच्या ओल्या काळ्या फळ्यांवर ऊन पडलं होतं. त्या आधी काठाने पांढुरक्या झाल्या, मग मधूनही. चक्कीवाल्यांनी जन्मात पहिल्यांदा आपलं चाक फिरता फिरता वाळताना पाहिलं. ते इतकं सुंदर दिसत होतं, की त्यांना ते बघवेना.

त्यांनी आत जाऊन लगाम वर केला. चाक थांबलं. मग लगाम खाली ओढला. चाक चालू झालं. वर केला, थांबलं. खाली ओढला, चालू. पाटात पाण्याचा थेंब पुढे येत नव्हता आणि चाक अगदी आज्ञाधारकपणे फिरत होतं, थांबत होतं, फिरत होतं. नवं बटण सापडलेलं लहान मूल करतं तसं ते करत राहिले, शेवटी बायकोने पुढे होऊन त्यांचा हात दांड्यावरून काढला.

ते मागे सरकले आणि मिळेल तिथे बसले. मिळाली ती मूळपुरुषाची बैठक. मांजर नाराजीने बाजूला झालं. बूड टेकताच ऊब लागली आणि त्या उबेखाली तोच तो पाण्याचा श्वास, एका लयीत, थेट हाडांत घुमला. चक्कीवाले विंचू चावल्यासारखे उठले.

झाकण मॅडमनीच उघडलं. आत मोटर होती.

चांगली मोठी, निगा राखलेली, जुन्या घडणीची मोटर. तिचा पट्टा फळ्यांखालून उभ्या आसेपर्यंत गेला होता. चक्कीवाल्यांनी पूर्वजाच्या जागी तिच्याकडे पाहिलं. पर्यटकांना त्यांनी या झाकणासमोर टोप्या काढायला लावल्या होत्या. स्वतः दर वर्षाच्या पहिल्या दिवशी ते इथे हात जोडून उभे राहायचे आणि यंदाही चाक फिरू दे, म्हणायचे. मोटरने ते ऐकलं असणार. फिरवलंही होतं तिनेच.

“तेल कोण घालतं हिला?” मॅडमनी कौतुकाने विचारलं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं होतं. मोटरवर धूळ नव्हती.

“मी,” बायको म्हणाली.

चक्कीवाल्यांनी मान वळवायला बराच वेळ घेतला.

बायकोचं म्हणणं असं, की सासूबाईंनी जाताना तिला तेलाचा डबा दाखवून सांगितलं होतं, बैठकीच्या आत महिन्याकाठी तेल घालत जा. ती घालत होती. चक्कीवाले बाजारात गेले की ती झाकण उचलायची, मांजराला उतरवायची, तेल घालायची, मांजराला परत ठेवायची. यात विचारण्यासारखं काय होतं?

“तुला माहीत होतं,” चक्कीवाले म्हणाले.

“अहो, मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे.” ती खरोखरच गोंधळली होती. “तुम्ही कधी विषय काढला नाहीत. म्हटलं, पुरुषांना मान असतो, लाजत असतील. आणि ते विजेचं आणि धरणाचं सांगायचात ना, दोघांची आई एकच म्हणून? मला वाटायचं, किती छान सांभाळून नेतात.”

चक्कीवाल्यांच्या डोळ्यांपुढून टाळ्या वाजवणारे पर्यटक एकेक करून गेले. सर्वांत शेवटी तो अभ्यासक गेला, मोटरचा आवाज घेऊन, आणि मागोमाग उठून उभे राहिलेले श्रोते.

मोटरमधून एक वायर निघून दगडाच्या फटीतून बाहेर गेली होती. मॅडम तिच्या मागे निघाल्या आणि त्यांच्या मागे चक्कीवाले. वायर भिंतीबाहेर वेलीखाली शिरली, पाटाच्या काठाने पुलापर्यंत आली आणि पुलाच्या खालून पलीकडच्या गल्लीकडे निघाली. पुलापाशी चक्कीवाले थबकले. पलीकडे काय आहे ते त्यांना माहीत होतं. आयुष्यभर ते माहीत असण्यावरच त्यांचं चाललं होतं. मग त्यांनी पाय टाकला आणि अंगावरच्या पिठासकट, बरोबरच्या मॅडमना विसरून, ते तरातरा थोरल्याच्या गिरणीत शिरले.

थोरले खुर्चीत बसले होते. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, आणि बसण्याची ढब थेट आप्पांची होती. त्यांनी धाकट्याकडे नखशिखान्त पाहिलं.

“मघाशी पंखा एकदम भरारा फिरायला लागला, मग मंदावला, मग परत भरारा,” ते म्हणाले. “तेव्हाच समजलो, तिकडे कोणीतरी लगामाशी खेळतंय. बस.”

चक्कीवाले बसले नाहीत. थोरल्यांनी मग बसल्या जागेवरून सगळं सांगितलं, फारसं रंगवून नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला पीठ केव्हा मिळेल ते सांगावं तसं. आप्पांनी त्यांना घराबाहेर काढलं त्याच्या पुढच्याच मोसमात नदी आटली. पाटात चाक भिजण्यापुरतं पाणी उरलं. अशात चक्की बंद पडली असती तर लोक विजेच्या गिरणीकडे वळले असते, म्हणजे थोरल्यांकडेच, आणि ते आप्पांना मरणाहून वाईट वाटत होतं. तेव्हा एका दुपारी, गल्ली जेवून लवंडली असताना, आप्पा मागच्या दाराने या गिरणीत आले. पोराकडे न बघता, भिंतीशी बोलल्यासारखं त्यांनी सांगितलं, की एक वायर हवी आहे. थोरल्यांनी मोटर बसवून दिली. चौथराही त्यांनीच बांधला. मूळपुरुष ही कल्पना आप्पांची.

“मी कुठे होतो?” चक्कीवाल्यांनी विचारलं.

“तुला खाणीवर पाठवला होता. तळीला टाकी लावायला शिकायला.”

चक्कीवाल्यांना आठवलं. खाणीवरून परत आल्यावर जिन्याखाली चौथरा दिसला होता. त्यांनी विचारलं होतं, हा कधी झाला. आप्पा म्हणाले होते, हा होताच, इतके दिवस अडगळीखाली होता. त्यांना तेव्हा किती आनंद झाला होता. घरात पूर्वज सापडला म्हणून त्यांनी पहिली चार पिठाची पोती ओळखीपाळखीत वाटली होती.

पुढच्या वर्षी पाणी परत आलं. थोरल्यांनी वायर काढू का म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, एवढा मोसम जाऊ दे. कारण मोटरच्या जोरावर त्यांनी वरची तळी पार खाली टेकवली होती आणि पीठ इतकं तलम यायला लागलं होतं, की लांबून लांबून लोक येत होते. पाण्यावरचं पीठ म्हणून नाव झालं ते त्या वर्षी. मग एकेक मोसम गेला आणि मग आप्पाही गेले.

चक्कीवाल्यांना हे सर्वांत जास्त लागलं. ते पीठ ते दोन बोटांत चोळून दाखवायचे आणि म्हणायचे, वीज हे करू शकेल का.

“दादा,” ते म्हणाले. किती वर्षांनी तो शब्द बाहेर येत होता कोण जाणे, जरा गंज चढलेला होता. “तू सांगितलं का नाहीस? मी खिडकी लावून घ्यायचो. तुझा आवाज नको म्हणून खिडकी लावायचो मी, आणि आत...”

“आप्पांनी शपथ घातली होती. म्हणाले, धाकट्याचा विश्वास बसलाय, तो मोडू नकोस. त्याला दुसरं काही येत नाही.”

यावर बोलल्या त्या मॅडम. त्या दारात उभ्या होत्या हे दोघेही विसरले होते. हे सगळं फार उद्बोधक आहे, त्या म्हणाल्या, पण त्यांना एकच लिहायचं आहे. चक्की पाण्यावर चालते, की नाही. आत्तापर्यंत त्यांनी पाहिलं ते ‘नाही’ आहे आणि पेन्सिल हातात आहे.

चक्कीवाल्यांनी पाट बुजलेला पाहिला. त्यावर ओळीने उभ्या गाड्या पाहिल्या. त्यांना वाटलं, बुजवा. कशाला ठेवायचं पाणी, कोणासाठी. ते तसं म्हणणारही होते. तेवढ्यात थोरले खुर्चीतून उठले, कोनाड्यातला पाना घेतला आणि म्हणाले, पट्टा काढून बघू या ना. चाक काही मेलेलं नाही, आयतं बसून खायची सवय लागलीये त्याला.

आप्पांनी ज्या उंबऱ्यावरून त्यांना काढलं होतं तो उंबरा थोरल्यांनी पाना हातात घेऊन ओलांडला. बायकोने त्यांना पाहून डोक्यावरचं पीठ झटकलं आणि “या भाऊजी,” म्हणाली, काल आले होते आणि आज परत आले अशा सुरात. थोरल्यांनी लगाम वर केला, चौथऱ्यात उतरून पट्टा सोडवला आणि मोटरची वायर सुटी केली. चक्कीवाल्यांनी दोराला गाठ मारली आणि पाटाचं दार वर ओढलं. पाणी धावत आलं, वाळलेल्या चाकावर कोसळलं. त्यांनी आत येऊन लगाम ओढला आणि अडकण सुटली.

चाक हललं नाही.

पाणी खणांत भरलं, भरून वाहिलं. चाक नुसतं करकरलं. चक्कीवाल्यांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, हाच तो आवाज, इतकी वर्षं खोटं बोलल्यावर होणारा.

“दगड टेकलाय,” थोरले चौथऱ्यातून ओरडले. “वर घे की जरा. मोटर नाहीये आता, पाणी आहे बिचारं.”

चक्कीवाले मधल्या मजल्यावर धावले आणि वरची तळी उचलणारा मळसूत्री खिळा फिरवू लागले. आप्पांनी सांगितलं होतं, याला हात लावायचा नाही. तो गंजून बसला होता. त्यांनी खिशातली कडी काढून त्यात अडकवली, दुसरीही अडकवली आणि अंगचा सगळा भार टाकला. तळी केसभर उचलली गेली. मग आणखी थोडी.

खालून एक आवाज आला, जाड, ओला, लांबलचक. म्हातारा माणूस आरामखुर्चीतून उठताना करतो तसा. चाक एका खणाने पुढे आलं. थांबलं. विचार केला. मग दुसऱ्या खणाने. मग जिना चढल्यासारखं, एकेका पायरीवर दम खात, ते फिरू लागलं. खांबातला तो घुमणारा सूर गेला होता. त्याऐवजी धप, धप, धप असं अडखळत काहीतरी ऐकू येत होतं. यावर कोणत्याही परिषदेत कोणी उभं राहिलं नसतं.

मॅडम दातेरी चाकांजवळ उकिडव्या बसल्या होत्या. दाते आता बरोबर अंगाने भिडत होते आणि ते अंग कोरं होतं, पहिल्या दिवसासारखं. त्या पहिल्यांदाच हसल्या. उलट्या झिजेने सुलटं अंग राखून ठेवलं, त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी न ठरवता चक्की जपली.

पीठ आलं. चक्कीवाल्यांनी सवयीने दोन बोटांत चोळलं. भरड होतं. चांगलंच भरड. त्यांच्या आजोबांच्या वेळी असंच येत असणार. ते पेटीपाशी उभे राहून चोळतच राहिले आणि डोळ्यांत पिठाची धूळ गेली, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

मॅडमनी लिहिलं: पाण्यावर चालते. मग थोडा विचार करून पुढे लिहिलं: हळू. पाट राहणार, असं त्यांनी जाताना सांगितलं. एकच अट घातली. चौथऱ्यावरचं लाकडी झाकण काढून काचेचं बसवायचं आणि पर्यटकांना मोटर दाखवायची, खरं काय ते सांगून. नदी आटेल तेव्हा ती वापरायला हरकत नाही. शिवाय त्या घडणीच्या मोटरी आता कुठे राहिल्या नाहीत, तेव्हा तीही नोंदीत घ्यावी लागेल. अशा तऱ्हेने मूळपुरुषाची नोंद एकदाची झाली.

मॅडम गेल्यावर दोघे भाऊ पाटाच्या काठावर बसले. मांजर येऊन थोरल्यांच्या मांडीवर बसलं. इतक्या वर्षांची ऊब कुठून येत होती ते त्याला कळलं असावं. चाक समोर हळूहळू फिरत होतं. चक्कीवाल्यांच्या मनात इतकं काही साठलं होतं, की कुठून सुरुवात करावी समजेना. बंद केलेल्या खिडक्या आठवत होत्या. पुतण्यांची लग्नं आठवत होती, ज्यांना ते गेले नव्हते आणि जिथून दर वेळी पुलावरून कोणीतरी निमूट ताट ठेवून गेलं होतं.

“दादा,” ते शेवटी म्हणाले, “तुला काय द्यायचं मी? तू माग. अर्धी चक्की घे. सगळी घे. आप्पांनी तुझं जे जे घेतलं ते सगळं माग, मी नाही म्हणणार नाही.”

थोरल्यांनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. बायको हातातलं काम सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

“मागू?” थोरले म्हणाले.

“माग.”

“वायर राहू दे. नदी आटली की लागेल तुला. फक्त दुपारी जेवणानंतर लगाम ओढू नकोस. मी जरा पडतो तेव्हा, आणि पंखा अगदीच मरतो रे.”